वैमानिकसंख्येतील कपात : कायदेशीर बाजू

प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये दोनऐवजी एकच वैमानिक ठेवण्याच्या प्रस्तावातून उभे राहणारे कायद्याचे प्रश्न.

गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर एका आणि दोन वैमानिकांच्या विमानांतला मूळ फरक डोळ्यांना दिसतो. तिथे शिकणारा विद्यार्थी डायमंड डीए-४० एकट्याने उडवतो. व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या २०० तासांपैकी १०० तास त्याला विमानप्रमुख म्हणूनच भरायचे असतात. एटीआर-७२ सारख्या प्रवासी विमानाला मात्र दोन वैमानिक हवेतच. ही किमान संख्या विमानाच्या प्रमाणपत्रातच ठरलेली असते. कंपनीला ती परस्पर घटवता येत नाही.

कपात तशी जुनीच. नेव्हिगेटर गेला, पुढे फ्लाइट इंजिनिअरही गेला. पण दुसरा वैमानिक काढला, की पहिल्यावर नजर ठेवणारे कुणी उरत नाही. २४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने कप्तानाला कॉकपिटबाहेर ठेवून विमान आल्प्समध्ये आदळवले. १५० जण गेले.

भरपाईचा पेच वेगळा. भारताने २००९ मध्ये स्वीकारलेल्या माँट्रियल करारानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात ठरावीक रकमेपुढची भरपाई टाळायची, तर आपला निष्काळजीपणा नव्हता हे विमान कंपनीनेच सिद्ध करायचे असते. एकट्या वैमानिकाला भोवळ आली, तर कंपनी ते कसे सिद्ध करणार? मग दुसऱ्या वैमानिकाची जागा घेणारी संगणकप्रणाली बनवणाराही कोर्टात ओढला जाणार.