वळिवडेच्या छावणीतील पोलिश शाळा

कोल्हापूर-मिरज लोहमार्गालगतच्या वळिवडे गावाजवळ १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे तिथे राहत, आणि त्यांत बायका व मुलेच जास्त. कोल्हापूरच्या आतिथ्याची कथा म्हणून या छावणीचा उल्लेख अनेकदा होतो. ते आतिथ्य खरे होते. पण छावणीत सर्वांत महत्त्वाचे काम चालले होते ते शाळेचे.

ही मुले पूर्व पोलंडमधली. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांनी पोलंड वाटून घेतला. फेब्रुवारी १९४० पासून पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत सोव्हिएत राजवटीने लाखो पोलिश नागरिकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरियात, कझाकस्तानात आणि उत्तरेकडच्या जंगलांत नेऊन टाकले. उपासमार आणि साथींनी असंख्य माणसे दगावली. जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर, जुलै १९४१ मध्ये, लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला आणि या कैद्यांची सुटका सुरू झाली. जनरल आंदेर्स यांनी उभारलेल्या सैन्याबरोबर १९४२ मध्ये हजारो कुटुंबे इराणात उतरली. पुरुष आणि थोरली मुले सैन्यात गेली. मागे राहिलेल्यांना आसरा कुठे द्यायचा, हा प्रश्न उभा राहिला.

भारतात पहिली आली ती अनाथ मुले. अश्गाबादहून मशहद आणि क्वेट्टामार्गे १९४२ मध्ये निघालेल्या तुकड्यांपैकी काही मुलांची सोय सुरुवातीला मुंबईत वांद्र्याला झाली. पोलंडचे मुंबईतील महावाणिज्यदूत बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांनी त्यासाठी फार धडपड केली. नंतर नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे मुलांसाठी वसाहत उभारली. तिथली मुले त्यांना ‘बापू’ म्हणत. बालाचडी हे मुलांचे घर होते. संपूर्ण कुटुंबांसाठी मोठी जागा हवी होती आणि ती वळिवडेला मिळाली. इराणातून जहाजाने कराची, आणि तिथून आगगाडीने कोल्हापूर, असा त्यांचा प्रवास झाला.

त्या वेळी कोल्हापूरच्या गादीचा वारस अल्पवयीन होता. राजाराम महाराजांचे १९४० मध्येच निधन झाल्यामुळे कारभार रीजन्सीच्या हाती होता. छावणीचा खर्च लंडनमधील पोलिश सरकारच्या नावे पडत असे. त्यामुळे वळिवडेचे सगळे श्रेय एकट्या राजाश्रयाला देणे बरोबर नाही. जागा आणि शेजार कोल्हापूरचा, पैसा पोलिश सरकारचा आणि व्यवस्था स्वतः निर्वासितांची, असा तो तिपेडी मेळ होता.

कौलारू छपरांच्या, चटयांच्या भिंतींच्या लांबलचक बराकी, प्रत्येक कुटुंबाला छोटीशी जागा आणि पुढे ओसरी, अशी वस्ती होती. चर्च, इस्पितळ, दुकाने, नाटकाचा रंगमंच या सोयीही होत्या. शाळा मात्र वस्ती स्थिरावण्याची वाट पाहत थांबल्या नाहीत. बालवाडी, प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा आणि हातांना काम शिकवणारे वर्ग सुरू झाले. युद्धापूर्वीच्या पोलंडमधली रचनाच इथे उभी राहिली: सहा वर्षांची प्राथमिक शाळा, चार वर्षांची ‘गिमनाझियुम’ आणि वरची दोन वर्षे ‘लित्सेयुम’. शेवटी ‘मातुरा’ ही परीक्षा.

अडचणी थोड्या नव्हत्या. मुलांची दोन-तीन वर्षे हद्दपारीत वाया गेली होती. काहींनी रशियन शाळा पाहिली, अनेकांनी शाळाच पाहिली नाही. मुलांना लाकूडतोडीच्या आणि शेतीच्या कामाला जुंपले गेले होते. त्यामुळे एकाच इयत्तेत निरनिराळ्या वयांची मुले बसत. शिक्षक पुरेसे नव्हते. पोलंडमधल्या शिक्षकांपैकी कितीतरी युद्धात मारले गेले होते, कितीतरी सैन्यात होते. ज्या थोड्या शिक्षिका छावणीत होत्या त्यांच्यावर सगळा भार पडला. पुस्तकांचाही तुटवडा होता. युद्धकाळात जेरुसलेम आणि तेहरान येथे पोलिश पाठ्यपुस्तके छापली जात, त्यांचा मोठा आधार झाला. मुंबईहून ‘पोलाक व इंदियाख’, म्हणजे ‘भारतातील पोलिश माणूस’, हे नियतकालिक निघे.

वर्गाबाहेरचे शिक्षण स्काउट पथकांनी सांभाळले. वडील आघाडीवर आणि आई कामात, अशा स्थितीत मोठ्या मुलांनी लहानांची जबाबदारी घ्यायची, ही सवय त्यांतून लागली. सोव्हिएत कैदेतून वाचलेले झ्झिस्वाफ पेश्कोव्स्की हे सैनिक भारतातील पोलिश स्काउटांचे प्रमुख होते. पुढे ते धर्मगुरू झाले. पोलिश आणि भारतीय जगाला जोडणारे दुवेही होते. पोलिश लेखिका वांदा दिनोव्स्का यांना भारतात उमादेवी या नावाने ओळखत. त्यांनी आणि मॉरिस फ्रीडमन यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या ‘इंडो-पोलिश लायब्ररी’ने भारतीय साहित्य आणि विचार पोलिश भाषेत आणले. फ्रीडमन हे औंध संस्थानातील स्वराज्याच्या प्रयोगाशी जोडलेले होते. असे दुवे थोडे होते, पण मोलाचे होते.

या शिक्षणाची एक मर्यादा स्पष्ट दिसते. सारा अभ्यासक्रम पोलंडला परतण्यासाठी आखलेला होता आणि त्याच सुमारास परतीची वाट बंद होत गेली. फेब्रुवारी १९४५ मधील याल्टा परिषदेत या मुलांचा मूळ प्रदेश सोव्हिएत संघाकडे गेला. जुलैमध्ये ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. छावणीचा भार संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संस्थेकडे, आणि नंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे गेला. तरीही शाळा चालू राहिल्या. बालाचडी १९४६ मध्ये बंद झाल्यावर तिथली मुलेही वळिवडेला आली.

छावणी १९४८ मध्ये मोडली. थोडी माणसे पोलंडला परतली. बाकीची ब्रिटन, पूर्व आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि कॅनडा इथे पांगली. नव्या देशात वळिवडेच्या शाळेत झालेले शिक्षण हीच या मुलांची खरी शिदोरी ठरली. पुढे त्यांनी ‘भारतातील पोलिश’ या नावाने संघटना काढली, आठवणी लिहून पुस्तकरूपाने छापल्या आणि कोल्हापुरात स्मारक उभारले. वॉर्सामध्येही वळिवडे-कोल्हापूर छावणीचे स्मारक आहे.

निर्वासितांच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९५१ मध्ये झाला. त्याच्या २२ व्या कलमात प्राथमिक शिक्षणाचा हक्क ठामपणे दिला आहे, पण त्यावरच्या शिक्षणाबाबत भाषा सैल आहे. वळिवडेत त्याच्या आठ वर्षे आधी, चटयांच्या भिंतींआड, बालवाडीपासून मातुरापर्यंतची सोय झाली होती. पोलिश कुटुंबे गेल्यावर या बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथे वसवण्यात आले आणि त्या वस्तीचे आजचे नाव गांधीनगर आहे.