फ्लुओरोसिस, नांदेड परिसरातील

पिण्याच्या पाण्यातून वा अन्नातून फ्लुओराइड प्रमाणाबाहेर व दीर्घकाळ शरीरात गेल्याने दात, हाडे व सांधे यांत उद्भवणारा विकार. मराठवाड्यात नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत, विशेषतः किनवट तालुक्यात, तो आढळतो. पाठ, मान व सांधे यांचे वर्षानुवर्षे टिकणारे दुखणे हे अस्थिगत फ्लुओरोसिसचे प्रमुख लक्षण होय. ‘वात’ किंवा वयोमानाचे दुखणे समजून त्याकडे पुष्कळदा दुर्लक्ष केले जाते. एकदा जखडलेली हाडे पूर्ववत करणारे औषध नाही. प्रतिबंध मात्र पूर्णपणे शक्य आहे. त्यामुळे या विकाराच्या इतिहासात औषधोपचारापेक्षा लोकजागृतीला अधिक महत्त्व प्राप्त झाले आहे.

विकाराची ओळख : अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे १९०१ मध्ये आलेल्या फ्रेडरिक मॅकाय या दंतवैद्यास तेथील रहिवाशांच्या दातांवर तपकिरी डाग दिसून आले. त्यांचे कारण पाण्यातील फ्लुओराइड होय, हे १९३१ मध्ये एच. व्ही. चर्चिल या रसायनशास्त्रज्ञाच्या पृथक्करणामुळे स्पष्ट झाले. पुढील वर्षी कोपनहेगनमधील क्रायोलाइट कारखान्यातील कामगारांच्या हाडांत झालेले बदल उजेडात आले व १९३७ मध्ये काय रोहोल्म या डॅनिश वैद्याने या विषबाधेवरील आपला विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांमधील अस्थिगत फ्लुओरोसिसची नोंद केली. भारतातील या विषयाच्या अभ्यासाचा प्रारंभ येथून मानला जातो. पंजाबात जॉली, सिंग प्रभृतींनी १९६० नंतरच्या दशकात रुग्णांचा तपशीलवार अभ्यास केला. तर हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी व कमला कृष्णस्वामी यांनी १९७३ मध्ये फ्लुओरोसिसग्रस्त भागातील मुलांचे गुडघे आत वळण्याच्या विकृतीकडे लक्ष वेधले. १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेला नांदेड जिल्हा तेलंगणाच्या सीमेला लागून आहे, ही गोष्ट या संदर्भात ध्यानात घेण्यासारखी आहे.

कारणे : नांदेड जिल्ह्याचा बराचसा भाग दख्खनच्या बेसाल्टी खडकांनी व्यापलेला असला, तरी पूर्वेकडील काही भागांत त्यांखालील प्राचीन ग्रॅनाइट व पट्टिताश्म खडक उघडे पडले आहेत. फ्लुओराइट, ॲपेटाइट, कृष्णाभ्रक यांसारख्या खनिजांतील फ्लुओराइड भूजलात विरघळते. पाणी क्षारधर्मी व कॅल्शियमाचे प्रमाण कमी असेल, तर ही क्रिया वाढते. पाण्याचा खडकाशी संपर्क जितका दीर्घ, तितकी फ्लुओराइड वाढण्यास संधी अधिक मिळते.

येथे विसाव्या शतकातील पाणीपुरवठ्याचा इतिहास या विकाराशी येऊन मिळतो. पूर्वी गावे आड, बारवा व उथळ विहिरी यांवर अवलंबून असत. अशा पाण्यातून नारू व पटकी यांसारखे रोग पसरत. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातील विहिरी कोरड्या पाडल्या व विंधन विहिरींना मोठी चालना मिळाली. पुढे देशभर रूढ झालेल्या ‘इंडिया मार्क २’ या हातपंपाच्या पूर्वसूरींत मराठवाड्यातील जालना येथे विकसित झालेल्या जालना पंपाची गणना होते. हातपंपांनी लक्षावधी लोकांना जंतुविरहित पाणी मिळवून दिले, तसेच नारूच्या उच्चाटनास मोठा हातभार लावला. भारत नारूमुक्त झाल्याचे २००० मध्ये जाहीर झाले. तथापि, ग्रॅनाइटी टापूत खोलवरून उपसलेले हेच स्वच्छ दिसणारे पाणी काही वस्त्यांना बाधक ठरले. फ्लुओराइडाला रंग, वास वा वेगळी चव नसल्याने धोका जाणवत नाही आणि दुखणे सुरू होईपर्यंत अनेक वर्षे लोटलेली असतात.

लक्षणे व निदान : कायमच्या दातांवरील लुकण बनत असताना, म्हणजे साधारणतः आठ वर्षांच्या आत, मुलाच्या पोटात अधिक फ्लुओराइड गेल्यास दातांवर खडूसारखे पांढरे, पुढे पिवळे वा तपकिरी पट्टे दिसतात. ते घासून जात नाहीत. गावातील मुलांचे असे दात हा मोठ्यांच्या हाडांवरील संकटाचा इशारा समजावा. प्रौढपणी हाडे दाट होतात, स्नायुबंध व कंडरा यांत कॅल्शियम साचते, पाठीचा कणा ताठरतो आणि वाकणे, उकिडवे बसणे, ओझे उचलणे कठीण होते. तीव्र अवस्थेत मज्जारज्जूवर दाब येऊन पाय लुळे पडतात. गुडघे न वाकवता पायाच्या बोटांना स्पर्श करणे, हनुवटी छातीला टेकविणे आणि हात मानेमागे नेणे या तीन साध्या हालचाली दुखण्याविना करता येतात की नाही, यावरून प्राथमिक अंदाज घेता येतो. क्ष-किरण छायाचित्रात अग्रबाहूच्या दोन हाडांमधील पटलात साचलेले कॅल्शियम ही विशेष खूण असते. लघवी व पाणी यांतील फ्लुओराइड मोजून निदान पक्के करतात. ही तपासणी न झाल्यास रुग्णाला संधिवाताचा समजून वर्षानुवर्षे केवळ वेदनाशामके दिली जातात आणि तो तेच पाणी पीत राहतो. शेतमजुरीवर जगणाऱ्या कुटुंबात अशा दुखण्याचा अर्थ रोजगार बुडणे असा होतो. डागाळलेल्या दातांमुळे तरुणांना, विशेषतः मुलींना, संकोच व अवहेलना सोसावी लागते.

विष्णुपुरी : नांदेड शहरालगतच्या या गावी गोदावरीवर बंधारा असून त्याच्या शंकरसागर जलाशयातून शहराला पाणी मिळते. नदी व जलाशय यांच्या पाण्यात सामान्यतः फ्लुओराइड अल्प असते. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तसेच १९९४ मध्ये स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ याच ठिकाणी आहे. विद्यापीठातील भूविज्ञानाच्या अभ्यासकांनी जिल्ह्यातील भूजलाच्या गुणवत्तेचे संशोधन केले आहे. याउलट शंभर किमी.हून अधिक दूर असलेल्या किनवटच्या वाड्यापाड्यांना, तालुका पैनगंगेच्या काठी असूनही, पुष्कळदा विंधन विहिरींचाच आधार असतो. एकाच जिल्ह्यातील या दोन टोकांवरून रोगाचे मूळ माणसाच्या प्रकृतीत नसून पाण्याच्या उगमात आहे, हे स्पष्ट होते.

प्रतिबंध व लोकजागृती : भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लुओराइड दर लिटरला १ मिग्रॅ.पर्यंत असावे, पर्यायी उद्‌गम नसल्यास १·५ मिग्रॅ.पर्यंतचे प्रमाण चालते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १·५ मिग्रॅ. आहे. नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा तंत्रात तुरटी, चुना व विरंजक चूर्ण वापरून फ्लुओराइड कमी करतात. केंद्र शासनाने २००८-०९ मध्ये फ्लुओरोसिस प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात महाराष्ट्रातील नांदेड, लातूर, चंद्रपूर, यवतमाळ इ. जिल्ह्यांचा समावेश झाला. शालेय मुलांच्या दातांची पाहणी, पाणी व लघवी यांची तपासणी, वैद्यकीय कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण आणि प्रबोधन ही त्याची अंगे होत.

प्रबोधनात काही गैरसमज दूर करावे लागतात. पाणी उकळल्याने फ्लुओराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. निवळलेले पाणी निर्धोक असतेच असे नाही. तसेच काळे मीठ व कोरा चहा यांतूनही फ्लुओराइड शरीरात जाते. आहारात दूध व हिरव्या पालेभाज्या असल्यास बाधेची तीव्रता कमी होण्यास मदत होते. बाधक हातपंपास लाल रंग देऊन त्याचे पाणी केवळ धुण्याभांड्यांसाठी वापरावे, असे सांगितले जाते. परंतु निर्धोक पाणी दूर असेल, तर रंगाचा अर्थ ठाऊक असूनही स्त्रिया उन्हाळ्यात त्याच पंपावर घागर भरतात. म्हणून जागृतीबरोबर नळयोजना, पावसाच्या पाण्याचा संचय व विहिरींची वेळोवेळी तपासणी ही कामे झाली, तरच पुढील पिढीची हाडे या वेदनेपासून सुरक्षित राहू शकतात.