घोट्यावरचे पिस्तूल आणि लपविण्याची नीती

शस्त्रांचा इतिहास बहुधा त्यांच्या पल्ल्याच्या आणि वेगाच्या अंगाने लिहिला जातो. शस्त्र अंगावर कोठे बाळगले जात होते, हा प्रश्न त्यात गौण ठरतो. अमेरिकेतील कायदेमंडळे आणि न्यायालये मात्र दोन शतके याच प्रश्नाशी झगडत आली आहेत : शस्त्र दिसावे की दिसू नये?

केंटकी राज्याने १८१३ मध्ये खिशातले पिस्तूल, खंजीर, मोठा सुरा आणि काठीत दडविलेली तलवार लपवून बाळगण्यास मनाई केली. प्रवाशांना तेवढी सूट होती. काठीतल्या तलवारीला मराठीत ‘गुप्ती’ म्हणतात. शस्त्राचे नावच त्याच्या लपण्यावरून पडले आहे. अशीच एक गुप्ती बाळगल्याबद्दल ब्लिस नावाच्या गृहस्थाला शंभर डॉलर दंड झाला. १८२२ मध्ये केंटकीच्या न्यायालयाने हा कायदाच राज्यघटनेविरुद्ध ठरविला. त्यावर उतारा म्हणून १८५० च्या नव्या राज्यघटनेत लपविलेल्या शस्त्रांवर बंदी घालण्याचा अधिकार कायदेमंडळाला स्पष्ट शब्दांत देण्यात आला. त्याच वर्षी लुइझियानाच्या न्यायालयाने चँडलर खटल्यात तेथील बंदी उचलून धरली. त्या निकालाचा आशय असा की उघड शस्त्र पुरुषार्थाला साजेशा संरक्षणासाठी असते, तर लपविलेले शस्त्र छुप्या लाभासाठी आणि भ्याड घातासाठी. म्हणजे आक्षेप शस्त्राला नव्हता, ते समोरच्याला अंधारात ठेवते याला होता.

१४ एप्रिल १८६५ रोजी या भीतीला एक चेहरा मिळाला. फोर्ड नाट्यगृहात बूथने लिंकन यांच्यावर गोळी झाडली ती फिलाडेल्फियाचे कारागीर हेन्री डेरिंजर यांच्या घडणीच्या, तळहातात मावणाऱ्या पिस्तुलातून. त्यात गोळी एकच होती. ती झाडल्यावर सज्जात असलेल्या मेजर रॅथबोन यांच्याशी झालेल्या झटापटीत बूथला सुऱ्याचाच आधार घ्यावा लागला. शस्त्र लपवायचे तर ते लहान हवे आणि लहान झाले की त्याची ताकद घटते, हा व्यवहार तेव्हापासून फारसा बदललेला नाही.

घोट्याला पट्ट्याने बांधायचे होल्स्टर हे या व्यवहाराचे विसाव्या शतकातले रूप होय. पोलीस अधिकारी त्यात मुख्य शस्त्राच्या जोडीला दुसरे, लहान पिस्तूल ठेवतात. त्याचे लाभ खरे आहेत. सैल पाटलोणीखाली ते दिसत नाही. मोटारीत बसलेल्या माणसाला कमरेच्या शस्त्रापर्यंत पोहोचणे पट्ट्यामुळे अवघड जाते, पण घोटा हाताशी येतो. जमिनीवर कोसळलेल्यालाही तेच सोयीचे. तोटेही तितकेच खरे आहेत. उभ्या माणसाला वाकावे किंवा गुडघा टेकावा लागतो आणि नेमक्या त्याच क्षणी त्याला हलता येत नाही. धावताना ओझे जाणवते, शस्त्रावर धूळ आणि घाम साचतो, आणि बसल्यावर पाटलोण वर सरकली की गुपित फुटते.

दुसऱ्या शस्त्राचे मोल आणि मर्यादा ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एकाच वेळी दिसल्या. दोन दरोडेखोरांशी झालेल्या त्या चकमकीत एफबीआयचे दोन अधिकारी ठार आणि पाच जखमी झाले. मोटारींच्या धडकेत एका अधिकाऱ्याचे मुख्य रिव्हॉल्व्हर हातचे गेले. तो लढू शकला तो जवळच्या दुसऱ्या, पाच गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमुळे. त्या पाच संपल्यावर पुन्हा गोळ्या भरत असतानाच त्याच्या हाताला गोळी लागली.

याच सुमारास सामान्य नागरिकाबाबत नीतीची बाजू उलटू लागली. १९८७ मध्ये फ्लोरिडाने ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्या कोणासही लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना देण्याचे ठरविले. टेक्सासच्या १९९५ च्या कायद्याने परवाना दिला तो पिस्तूल दिसणार नाही या अटीवर. ते मुद्दाम दाखविणे हा गुन्हा होता. उघड बाळगण्याची मुभा परवानाधारकांना तेथे २०१६ पासून मिळाली. चँडलर निकालाने ज्याला भ्याडपणा म्हटले होते, तेच आता सभ्यपणाचे लक्षण ठरले. उघडे पिस्तूल शेजाऱ्याला घाबरविते, म्हणून ते झाकावे!

हा प्रवास येथे संपत नाही. २०२२ च्या ब्रुएन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शस्त्रविषयक निर्बंधांची कसोटी इतिहासावर लावली आणि त्यासाठी एकोणिसाव्या शतकातले हे जुने निकाल पुन्हा वाचले. लपविण्यावरची बंदी तेव्हा ग्राह्य धरली जाई ती उघड बाळगण्याची मोकळीक शिल्लक असल्यामुळे, असे बहुमताने म्हटले. त्यातून, सार्वजनिक ठिकाणी शस्त्र बाळगण्याचा हक्क पूर्वापार असल्याचा पुरावा निघाला आणि लपवून बाळगण्याच्या परवान्यासाठी विशेष कारण मागणारा न्यूयॉर्कचा कायदा पडला.

साहित्याच्या अभ्यासकाने थांबावे ते येथे. लपविलेल्या शस्त्राचा धिक्कार करणारी संहिता पावणेदोनशे वर्षांनी ते बाळगू पाहणाऱ्याच्या बाजूने साक्ष देते. वाचनाने अर्थ बदलतो हे आपण वर्गात कवितेच्या निमित्ताने शिकवितो. येथे त्या वाचनावर रस्त्यावरच्या माणसाच्या घोट्याशी काय असेल हे ठरले.