कोर्लई: गड ओस पडला, बोली राहिली



आपल्या नगर हवेलीत पोर्तुगीज १७१ वर्षं होते. १७८३ मध्ये पेशव्यांनीच हा मुलूख त्यांना लावून दिला आणि २ ऑगस्ट १९५४ ला तो मुक्त झाला. तरी सुरंगीच्या पाड्यांवर त्यांची भाषा कधी रुजली नाही. आणि रायगड जिल्ह्यात एक गाव असं, की जिथून पोर्तुगीजांचा अंमल १७४० मध्येच उठला, पण घराघरांत अजून त्यांच्या भाषेतून निघालेली बोली चालते. ते गाव कोर्लई.

अलिबागहून मुरूडकडे जाताना रेवदंड्याचा पूल ओलांडला की समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड दिसते. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कुंडलिकेची खाडी. वरचा गड पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून जिंकला. एकामागून एक दरवाजे, तोफा, छप्पर गेलेलं चर्च आणि तिथेच महादेवाचं देऊळ!

पायथ्याचे ख्रिस्ती गावकरी आपल्या बोलीला ‘नॉ लिंग’ म्हणतात. हसू नका हं, पोर्तुगीज ‘लिंग्वा’ म्हणजे जीभ, भाषा. नॉ लिंग म्हणजे आमची भाषा. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची बांधणी आपली. क्रियापद मराठीसारखं शेवटी. बोलणारे हजाराच्या आसपास.

ती टिकली कशी? कुणी जपली म्हणून नाही. वसई १७३९ मध्ये पडली, वर्षभरात चौल-कोर्लईही मराठ्यांकडे आलं. साहेबलोक गेले, मागे राहिले ते धर्मांतर केलेले गरीब लोक. धर्मामुळे शेजारच्या हिंदूंपासून वेगळे, जातीमुळेही बाजूला पडलेले. सोयरीक आपसात, बोलणं आपसात. वसईत ख्रिस्ती कितीतरी जास्त, पण ते मराठीच्याच बोली बोलतात. म्हणजे ही भाषा दुराव्यानं राखली, हे मला तरी बोचतं.

आता दुरावा कमी झालाय. मुलं मराठी शाळेत जातात, मिस्सा मराठीत होते, कामधंद्याला माणसं बाहेर पडतात. चांगलंच आहे की! पण आजी नॉ लिंगमध्ये विचारते आणि नातू मराठीत उत्तर देतो, असं व्हायला वेळ लागत नाही. सिल्वासात आपल्या घरी वेगळं काय चाललंय? फक्त आपल्या मराठीमागे कोट्यवधी माणसं आहेत. कोर्लईच्या बोलीला दुसरं गाव नाही.

तिची एक बहीण मात्र आहे, अगदी आपल्या शेजारी दमणला. तिच्याबद्दल पुढच्या पोस्टमध्ये लिहितो.