दूरध्वनी दुभाषी (अमेरिकेतील आश्रय प्रक्रिया)

अमेरिकेत आश्रय मागणारी व्यक्ती आणि शासकीय अधिकारी यांच्यातील संभाषणाचे दूरध्वनीवरून तोंडी भाषांतर करणाऱ्या व्यक्तीस दूरध्वनी दुभाषी म्हणतात. हे दुभाषी मुलाखतीच्या ठिकाणी उपस्थित नसतात. त्यांपैकी अनेक जण घरून काम करतात.

पार्श्वभूमी

१९९६ च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेत त्वरित हद्दपारीची तरतूद केली. या प्रक्रियेत मायदेशी परतण्याची भीती व्यक्त करणाऱ्या व्यक्तीची आश्रय अधिकारी मुलाखत घेतो. गरजेनुसार दुभाष्याची सोय शासन कंत्राटी कंपन्यांमार्फत करते. दुभाषी किमान १८ वर्षांचा असावा, तसेच तो अर्जदाराचा वकील, साक्षीदार किंवा अर्जदाराच्या देशाच्या सरकारचा प्रतिनिधी नसावा, असा नियम आहे.

कामाचे स्वरूप

दुभाषी प्रत्येक वाक्य ऐकून प्रथमपुरुषी भाषांतर करतो. त्यात भर घालणे, गाळणे किंवा सल्ला देणे निषिद्ध आहे. अर्जदाराचे हावभाव त्याला दिसत नाहीत. ग्वातेमालातील माम यांसारख्या माया भाषांसाठी काही वेळा दोन दुभाषी लागतात: एक मामचे स्पॅनिशमध्ये आणि दुसरा स्पॅनिशचे इंग्रजीत भाषांतर करतो.

कामाची परिस्थिती

अनेक दुभाषी कंपन्यांचे कर्मचारी नसून स्वतंत्र कंत्राटदार असतात. त्यांना सामान्यतः बोलण्याच्या मिनिटांनुसार मोबदला मिळतो. दोन कॉलमधील प्रतीक्षेचा मोबदला बहुधा मिळत नाही. परिषदांमधील दुभाषी जोडीने, साधारण अर्ध्या तासाने आलटून पालटून काम करतात. दूरध्वनी दुभाषी मात्र एकटाच असतो. छळ, बलात्कार व हत्या यांची वर्णने त्याला 'मी' म्हणून उच्चारावी लागतात. गोपनीयतेच्या बंधनामुळे ऐकलेल्या हकिकती त्याला इतरांना सांगता येत नाहीत.

महत्त्व

मुलाखतीची टिपणे शब्दशः नसतात, तरीही पुढे न्यायालयात अर्जदाराच्या साक्षीची त्यांच्याशी तुलना होऊ शकते. २००५ च्या कायद्यानुसार, दाव्याच्या गाभ्याशी संबंध नसलेली विसंगतीही अर्जदारास अविश्वसनीय ठरवताना विचारात घेता येते. उदाहरणार्थ, पंजाबीतील 'चाचा' आणि 'मामा' या दोन्ही नात्यांना इंग्रजीत 'अंकल' हा एकच शब्द आहे. नाते स्पष्ट न झाल्यास दोन वेगळ्या व्यक्ती एकच वाटू शकतात आणि खरी हकिकतही विसंगत भासू शकते. त्यामुळे दुभाष्याला पुन्हा विचारण्याची आणि विश्रांतीची मुभा असणे हा अर्जदाराच्या सुरक्षिततेचाही प्रश्न ठरतो.