तळटीप : त्सागान सार

* त्सागान सार : मंगोल नववर्ष. चांद्र पंचांगाप्रमाणे बहुधा फेब्रुवारीत येते. त्याला वसंताचा सण म्हणायची पद्धत असली, तरी उलानबातरमध्ये तेव्हा पारा शून्याच्या बराच खाली असतो. मंगोल पशुपालक दक्षिणायनाच्या शेवटापासून नऊ-नऊ दिवसांचे नऊ टप्पे, म्हणजे ८१ दिवस, थंडी मोजतात. सण पडतो तो या मोजणीच्या उत्तरार्धात. कोकरे-करडे जन्मायची धांदल अजून पुढे असते, त्यामुळे पाहुणचाराला सवड मिळते. मांस भरलेले बूझ शेकड्यांनी वळून घराबाहेर ठेवले की आपोआप गोठतात. पाहुणा आला की तेवढे वाफवायचे. भेटताना धाकटा आपले हात थोरल्याच्या कोपरांखाली धरून त्याला आधार देतो. लांबट वड्यांचे थर ताटात रचतात, ते नेहमी विषम संख्येचे. वर वाळवलेले दही, साखरेचे खडे. समाजवादी राजवटीत हा सण काही काळ ‘पशुपालक दिन’ म्हणून उरला होता. मंगोलांचा दुसरा मोठा सण, नादाम, मात्र भर उन्हाळ्यातला, ११ जुलैपासूनचा. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे दिवस तेच. नादामची आजची तारीख १९२१च्या क्रांतीशी जोडलेली आहे. त्यातली कुस्ती, तिरंदाजी आणि घोड्यांच्या शर्यती क्रांतीपेक्षा पुष्कळ जुन्या.