एअर रायफल, पीसीपी

एअर रायफल, पीसीपी : आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल. नळीखालच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा साठवलेली असते. ट्रिगर ओढला की झडप क्षणभर उघडते आणि मोजून घेतलेली हवा छर्ऱ्याला नळीबाहेर ढकलते. १० मीटर नेमबाजीत वरच्या पातळीवर आज जवळपास सर्वत्र हाच प्रकार वापरला जातो. प्रस्तुत नोंद पहिली रायफल घेणाऱ्या नेमबाजापुरती आहे. शिकारीच्या व मोठ्या व्यासाच्या हवाई बंदुका तीत घेतलेल्या नाहीत.

इतिहास : दाबलेल्या हवेची कल्पना जुनी आहे. टायरोलचा कारागीर बार्टोलोमेउस गिरांडोनी याने १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी अशी रायफल तयार केली. हवेची टाकी हाच तिचा दस्ता होता. १८०४–०६ मधील ल्यूइस-क्लार्क मोहिमेत अमेरिकेच्या अंतर्भागात नेलेली हवाई रायफल याच बनावटीची असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. लक्ष्यवेधी नेमबाजीत मात्र हे तंत्र उशिरा आले. त्याआधीच्या स्प्रिंगच्या रायफलीत छर्रा नळीत असतानाच पिस्टन पुढे झेपावतो आणि रायफल हलते. जर्मनीतील ओबर्नडॉर्फच्या फाइनवेर्कबाऊ या कंपनीने १९६० च्या दशकात हा धक्का रायफलीतच जिरवणारी रचना आणली. पुढे दर नेमाआधी तरफ ओढून हवा दाबण्याच्या रायफली आल्या. साठ नेमांच्या सामन्यात साठ वेळा तरफ ओढायची आणि दरवेळी शरीराची ठेवण नव्याने जमवायची, हा त्यांचा जाच होता. कार्बन डायॉक्साइडवरच्या रायफलींनी तो संपवला, पण त्या वायूचा दाब तापमानाबरोबर बदलतो : २० अंश सेल्सिअसला सुमारे ५७ बार, तर ३० अंशांना ७० बारच्या वर. सकाळी आणि दुपारी छर्रा वेगळ्या उंचीवर लागू लागला. १९९० च्या दशकात हवेच्या सिलिंडरला दाबनियंत्रक जोडून हे दोन्ही प्रश्न सुटले.

स्पर्धेची चौकट : व्यास ४.५ मिमी, रायफलीचे कमाल वजन ५.५ किलो, पवित्रा उभ्याचा, पट्ट्याचा (स्लिंगचा) आधार नाही. लक्ष्याचे सर्वांत बाहेरचे वर्तुळ ४५.५ मिमी व्यासाचे असते आणि दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. पात्रता फेरीत साठ नेम असून एका नेमाला जास्तीत जास्त १०.९ गुण मिळतात. छर्ऱ्याचा वेग सेकंदाला १७० ते १७५ मीटर आणि ऊर्जा आठ जूलच्या आसपास एवढी या खेळाला पुरते. पहिल्या खरेदीत रायफल ‘किती जोरात मारते’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. १० मीटरच्या नेमबाजीत त्याला काहीही अर्थ नाही.

निवड – माप : पहिल्या रायफलीची खरी कसोटी ती शरीराला बसते की नाही, ही आहे, कंपनीचे नाव त्यानंतर येते. वाल्थर, आन्शुट्झ, फाइनवेर्कबाऊ, स्टायर यांच्या नळ्या नवोदिताच्या हातापेक्षा कितीतरी अधिक अचूक असतात, त्यामुळे सुरुवातीचे गुण नळीमुळे जात नाहीत. दस्त्याची लांबी, गालपट्टीची उंची, खांद्याकडच्या बटप्लेटची उंची व तिरपेपणा आणि पुढच्या हाताखालचा ठोकळा, एवढ्या चार गोष्टी हलवता आल्याच पाहिजेत.

तपासण्याची रीत सोपी आहे. नेमबाजाने पवित्रा घ्यावा, डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, मान ताठ ठेवून गाल पट्टीवर टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. मागच्या साइटच्या छिद्रात पुढच्या साइटचे कडे मधोमध दिसले तर माप जुळले. कडे वरच्या बाजूला सरकलेले दिसले तर डोळा वर राहिला आहे. गालपट्टी उतरवावी किंवा साइट ठोकळे घालून उचलावी. दिसण्यासाठी मान पुढे काढावी लागत असेल, तर दस्ता लांब आहे. उजव्या हाताच्या नेमबाजाचा डावा कोपर कमरेच्या हाडाजवळ टेकतो आणि रायफलीचा भार स्नायूंऐवजी हाडांवर जातो. दंड थरथरू लागला तर ठोकळ्याची उंची चुकली आहे, असे बहुधा निघते.

बारा-तेरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला पाच किलोची रायफल देऊ नये. भार पेलण्यासाठी पाठ मागे कलते, पुढे तीच सवय होते, आणि मोडायला वर्षे जातात. जर्मन कंपन्यांच्या मुलांसाठीच्या हलक्या, आखूड रायफली याच कारणासाठी आहेत. ‘पुढे वाढेल’ म्हणून मोठ्या मापाचे कपडे घेण्याची घरोघरची रीत येथे उपयोगी नाही.

सिलिंडर व हवा : या भागाकडे खरेदीच्या वेळी सर्वांत कमी लक्ष जाते. हवा तीन मार्गांनी भरता येते : तीन टप्प्यांचा हातपंप, पाणबुड्यांचा मोठा सिलिंडर किंवा उच्च दाबाचा काँप्रेसर. पंक्चरवाल्याकडचा काँप्रेसर आठ-दहा बारपर्यंतच जातो, त्याचा उपयोग नाही. रुग्णालयातील वा वेल्डिंगचा ऑक्सिजन कधीही भरू नये. उच्च दाबाच्या ऑक्सिजनला तेल-ग्रीसचा अंश लागला तरी स्फोट होतो. साध्या हवेतही खनिज तेल धोक्याचेच, म्हणून जोडणीच्या रबरी कड्यांना निर्मात्याने सांगितलेलेच सिलिकोन ग्रीस लावतात.

मोठ्या सिलिंडरचे गणित विकत घेण्याआधी समजून घ्यावे. रायफलीच्या सिलिंडरची धारणक्षमता अदमासे ०.२ लिटर असते. तो १०० वरून २०० बारवर न्यायला २० लिटर हवा लागते आणि १२ लिटरच्या टाकीचा दाब तेवढ्याने दीड-पावणेदोन बारने उतरतो. टाकी २०० बारवरच भरून आणली असेल, तर दहाव्या-बाराव्या भरणीनंतर रायफल १८० च्या पुढे जात नाही. हा रायफलीचा बिघाड नव्हे. दाबनियंत्रक असल्याने १८० बारवरही छर्ऱ्याचा वेग तोच राहतो, फक्त नेम कमी मिळतात. पूर्ण भरलेल्या सिलिंडरवर रायफलीनुसार साधारण दोनशे ते चारशे नेम होतात.

भरताना झडप हळू उघडावी. घाईने भरलेला सिलिंडर हाताला गरम लागतो. तो निवला की काटा खाली येतो आणि भरणी अपुरी राहिल्याचे कळते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हातपंपाने भरलेल्या हवेबरोबर बाष्प आत जाते आणि झडपेजवळ साठून गंज धरते, म्हणून पंपाला आर्द्रता शोषणारी नळी असलीच पाहिजे. सिलिंडर पूर्ण रिकामा करून ठेवू नये.

सिलिंडरवर महिना व वर्ष कोरलेले असते. बहुतेक युरोपीय उत्पादक दहा वर्षांची मुदत देतात, आणि मुदतीतला सिलिंडर वापरणे ही आंतरराष्ट्रीय नियमांनुसार खेळाडूची स्वतःची जबाबदारी आहे. मुदतीनंतर चाचणी करून तो वापरावा की मोडीत काढावा, याबाबत देशोदेशीचे नियम व उत्पादकांची मते एकसारखी नाहीत.

छर्रे : सपाट तोंडाचे, शिशाचे, कागदावर स्वच्छ गोल भोक पाडतात. डोक्याचा व्यास ४.४८ ते ४.५२ मिमीपर्यंत मिळतो आणि प्रत्येक नळीला त्यातला एखादा अधिक मानवतो. रायफल शिकंज्यात धरून ही निवड करतात. पण नवोदिताचे दहा नेम दहाच्या वर्तुळात जमू लागेपर्यंत तिच्यावर पैसे घालवू नयेत. नळी किती वेळा साफ करावी यावर प्रशिक्षकांचे एकमत नाही. छर्रे तोंडात धरू नयेत. सरावानंतर हात साबणाने धुवावेत.

साइट : नवोदित पुढचे कडे फार लहान निवडतो. काळ्या वर्तुळाभोवती पांढरी फट ऐसपैस दिसली पाहिजे. ती अरुंद असली की प्रत्येक हेलकावा मोठा भासतो आणि बोट ट्रिगरवर अडते. भारतातील स्पर्धांत ओपन साइटचा स्वतंत्र गट आहे; बहुतेक मुले तेथून सुरुवात करून छिद्राच्या, म्हणजे पीप साइटकडे वळतात.

सराव : छर्रा न भरता ट्रिगर ओढण्याची सोय पीसीपी रायफलीत असते आणि तिचा मोठा फायदा आहे. भिंतीसमोर उभे राहून केलेला हा ड्राय फायरचा सराव ट्रिगर ओढल्यानंतरची स्थिरता शिकवतो. स्पर्धेच्या रायफलीचा ट्रिगर शंभर ग्रॅमच्या आतच सुटतो, त्यामुळे बोट चुकून लागणे ही पहिल्या महिन्यांतली नेहमीची अडचण. सुरुवातीला तो थोडा जड ठेवावा.

सुरक्षितता : नळी नेहमी लक्ष्याकडे, नेम नसताना नळीत सेफ्टी फ्लॅग.

कायदा : २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिमीपेक्षा अधिक व्यासाच्या किंवा २० जूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या हवाई शस्त्राला परवाना लागतो. १० मीटरची रायफल या दोन्ही मर्यादांच्या आत बसते. आयातीचे नियम वेळोवेळी बदलत असल्याने ते राज्य संघटनेकडे विचारून घ्यावेत.

महाराष्ट्र : १० मीटर एअर रायफल १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून ऑलिंपिकमध्ये आहे. या प्रकारात अंजली भागवत २००० मध्ये सिडनीत आणि सुमा शिरूर २००४ मध्ये अथेन्समध्ये अंतिम फेरीत पोहोचल्या. राज्यातील घराघरांत हा खेळ पोहोचण्यात या दोघींचा वाटा पुढच्या कोणत्याही पदकापेक्षा कमी नाही. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरो येथे विश्वविजेता झाला. २००६ मधील अभिनव बिंद्रानंतर या प्रकारातील तो दुसराच भारतीय. वरळी, बालेवाडी व पनवेल येथे १० मीटरच्या रेंज आहेत.

खरेदी : निदान काही महिने क्लबच्या रायफलीवर शिकावे आणि मापे ठरल्यावर, प्रशिक्षकाला बरोबर घेऊन रायफल पाहावी. अनेक नवोदितांची पहिली रायफल वापरलेलीच असते आणि त्यात कमीपणा नाही. नळी दशकानुदशके टिकते. विक्रेत्याने सिलिंडरवरची तारीख दाखवल्याशिवाय मात्र व्यवहार करू नये, आणि मुदत संपली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सांगितलेल्या रकमेतून वजा करून मागावी.